मंगलाष्टकातले रोमन अलंकार

सातवीतून शाळा सोडून मी परभणीकडून कल्याणच्या एका लाकडाच्या वखारीत येऊन पडलो, तेव्हा साखर रेशनवर मिळायची. ज्ञान रेशनवर नव्हतं, हे माझं दुर्दैव. डोंबिवलीला ज्यांच्या ओटीवर मला फुकट झोपायला मिळायचं, ते सर मुंबईच्या कॉलेजात लॅटिन शिकवून निवृत्त झालेले. विद्यार्थी संपलेले, शिकवणं उरलेलं. त्यांचे उपकार एवढे, की आलेली जांभईसुद्धा मी गिळायचो.

त्यामुळे रोमन कवींचे अलंकार माझ्या कानावर पडले. माणूस समोर बसलेला असला तरी हे कवी बोलणार नदीशी, नाहीतर वाऱ्याशी. विशेषण ओळीच्या सुरुवातीला ठेवणार आणि नाम पार शेवटी. मधे वाचणाऱ्याने शोधत फिरायचं. सरांचा लाडका अलंकार मात्र लिटोटीज. म्हणजे स्तुती करायची ती नकारातून. शूराला शूर म्हणायचं नाही, 'हा काही भित्रा नव्हे' म्हणायचं. आमच्या गावात असं बोलणाऱ्याला कुजकट म्हणतात. रोममध्ये महाकवी म्हणत असावेत.

अशात वखारीच्या मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. जावई बी.ए., म्हणून नेहमीची मंगलाष्टकं मालकांना हलकी वाटू लागली. मी शहाणा, सरांचं नाव सुचवून बसलो. सरांनी खपून नवी रचली, आणि ओंडके मोजताना माझा आवाज पार स्टेशनपर्यंत जातो, म्हणून ती म्हणायचा मान मलाच मिळाला.

"सर, हे 'उणे नाही' वगैरे... मालक रागावतील हो. माझी नोकरी जाईल."

"अरे, दोन हजार वर्षांत कुणी रागावलं नाही!"

ज्यांची स्तुती झाली ते सगळे मेलेले होते, हे मी बोललो नाही. ओटी सरांची होती.

मांडवात अंतरपाट धरला. पहिलं कडवं उल्हास नदीला उद्देशून. ते खपलं, कारण कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्याला नेमका बँड थांबला आणि मी खणखणीत म्हणालो, "नाही रूप उणे वधूस, नवरा नाही मुळी मंद हा!"

अक्षता हातातच राहिल्या.

"मंद?" वरपिता म्हणाले. "मंद कोण म्हणालं त्याला?"

"नाही म्हणालाय तो," भटजी पुटपुटले.

"पण विषय निघालाच कसा?"

सर उठले. मला वाटलं, वाचवतील. त्यांनी लिटोटीज समजावून द्यायला घेतला, मुहूर्त टळत असताना, उदाहरणांसह. मालक माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत मला परतीचं तिकीट दिसलं.

तेवढ्यात मुलीच्या पाठीशी उभा असलेला तिचा मामा हसू दाबत म्हणाला, "दाजी, पोर म्हणतेय, गाऊ द्या त्याला. आजवर तुम्ही 'चंद्रमुखी' म्हणून कळवत होतात आणि स्थळं येऊन, बघून परत जात होती. हे निदान खरं तरी आहे."

अंतरपाटापलीकडे नवरदेव खुदकन हसला. पोरगा हसल्यावर बापालाही हसावं लागलं. भटजींनी तेवढ्यात 'सावधान' उरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून वखारीत गेलो. मालकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मुकादमाला म्हणाले, "लाव त्याला कामाला. सासरी जाताना पोरीनं माझ्याकडून शब्द घेतलाय."

मी पाया पडायला वाकलो.

"वाकलाच आहेस तर तो ओंडका उचल," मालक म्हणाले.