गाडी प्रफुल्लनं पाहिली, मालक ईश्वरदासनं

ईश्वरदासला मोटारीतलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, आणि हे तो कोणापासून लपवतही नव्हता. तरी जुनी स्पोर्ट्स कार पाहायला गोंदियाला जायचं ठरलं, तेव्हा प्रफुल्लनं सोबत नेलं ते त्यालाच.

"काकाजी, गाडी मी पायतो," प्रफुल्ल म्हणाला. "मालक तुमी पाहा."

हे ऐकून ईश्वरदास असा काही खूश झाला की ठेवणीतलं धोतर नेसून आगगाडीच्या वेळेआधीच अर्जुनीच्या स्टेशनावर जाऊन बसला. त्याला कोणी काही विचारून बरीच वर्षं झाली होती.

अर्जुनीजवळच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याची धानाची शेती. पण पंचक्रोशीत नाव होतं ते बैलांच्या पारखीचं. हलक्या छकड्याला जोडी जुंपून पळवायची शर्यत, तिला इकडे शंकरपट म्हणतात. पटाचा बैल घ्यायचा तर ईश्वरदासला बाजारात न्यायचं, हे ठरलेलंच. तो बैलाकडे कमी नि विकणाऱ्याकडे जास्त पाहायचा. सांधे धरलेला बैल उठल्याबरोबर लंगडतो, म्हणून लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच त्याला चार चकरा फिरवून आणतो. मग लंगडणं थांबतं, बैल नवरदेवासारखा चालतो आणि गिऱ्हाईक फसतं. ईश्वरदास मुद्दाम न सांगता, सकाळी सकाळी जायचा. बैल बसलेला असेल तोवर त्याला कोणी हात लावू द्यायचा नाही.

त्याची स्वतःची जोडी होती, लाख्या आणि मोऱ्या. छकड्यावर बसून ती हाकायचा खेमराज, म्हणजे या प्रफुल्लचा बाप. हाताची सालटं निघायची खेमराजच्या आणि बक्षिसाचा फेटा बांधला जायचा ईश्वरदासच्या डोक्यावर. पुढे कोर्टाच्या हुकमानं पट बंद पडले. ट्रॅक्टर आले, बैल नुसते दावणीला उभे राहून खाऊ लागले, आणि ईश्वरदासनं जोडी देवरीकडच्या एका माणसाला विकली. जोडी गेल्यावर घर इतकं सुनं झालं की जेवायला बसलं तरी घास उतरत नव्हता. आठवडा झाला नसेल, खेमराज बसनं देवरीला जाऊन आला आणि ओसरीवर लाख्याची घुंगुरमाळ ठेवून म्हणाला, "बईल गेले तं गेले जी. घरात आवाज राहू द्या." ती माळ अजून दाराशी टांगलेली आहे. येताजाता हात लागतो, वाजते. खेमराज आता नाही. पट पुन्हा सुरू झाले, पण ईश्वरदास गेला नाही.

प्रफुल्लचं अर्जुनीला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. त्याच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं होतं. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला टप नसलेल्या जुन्या विलायती गाडीतून मिरवायचं. नागपूरहून तशा गाड्या येतात, मग आपलीच का नसावी? त्याच्या बायकोनं, रंजितानं, गळ्यातली सोन्याची पोत काढून त्याच्या हातावर ठेवली होती. गाडी फसवी निघाली तर पोत गेली, आणि गॅरेजही गहाण पडणार. आगगाडीत बसल्यापासून प्रफुल्ल पुन्हा पुन्हा खिसा चाचपून पाहत होता.

हिरालाल नावाच्या म्हाताऱ्याचं घर गोंदियात, राइस मिलच्या मागच्या गल्लीत. दोन दारांची, ठेंगणी, हिरवी गाडी अंगणात उभी होती. थोरल्या भावानं ती मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाकडून घेतलेली, भावामागून हिरालालकडे आली. आता मुलगा रायपूरला बोलावत होता आणि तिथल्या फ्लॅटखाली ही उभी करायला जागा नव्हती.

प्रफुल्लनं बाह्या सारल्या. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवलं, जिथं ते चिकटेना तिथं रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. पायाखालची चटई उचलून गंज खरवडला, खाली झोपून सांगाडा ठोकून पाहिला. नंबर कागदांशी जुळले. डाव्या दाराशी रबरी फुग्याचा पितळी भोंगा होता, तो पाहून त्याला हसू आलं.

"हा इकडे कायले लावला? चालवनाऱ्याचा हातच नाही पोचत."

"ऐसेही, शौक है," हिरालाल तिकडे पाहत म्हणाला.

ईश्वरदासनं तेवढ्यात एकच काम केलं. बॉनेटवर पंजा ठेवला. गाडी सावलीत होती आणि बॉनेट चांगलं गरम होतं.

"सकाळी गाडी काढली होती का जी?"

"नहीं तो," हिरालाल म्हणाला, आणि गमछ्यानं तोंड पुसू लागला.

संपलं. ईश्वरदासनं प्रफुल्लला फाटकाशी नेलं. "उठवून फिरवलेला बईल हाय. वरतून खोटं बोलून राहिला. चाल."

प्रफुल्लचा चेहरा उतरला. "पत्रा बरा हाय, काकाजी. थंड इंजिन कसं उठते, तेवढंच पायचं होतं."

"म्हनूनच तं त्यानं थंड ठेवलं नाही."

ते फाटक उघडत होते तेव्हा वऱ्हांड्यातून बाईचा आवाज आला. खाटेवर हिरालालची बायको सुशिलाबाई बसली होती. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, बोलणं जड, पण एकेक शब्द ठणठणीत.

"झूठ काऊन बोलता जी? मले फिरवून आनलं ना आता."

हिरालाल खाली मान घालून उभा राहिला. मग त्यानं सांगितलं. बाईला झटका आल्यापासून ती घराबाहेर निघायला तयार नव्हती. एकदा त्यानं तिला उचलून या गाडीत बसवलं, तळ्यापर्यंत नेलं, आणि ती हसली. तेव्हापासून रोज सकाळी फेरी. भोंगा तिच्या डाव्या हाताला येईल असा त्यानंच बसवला. गल्लीतली पोरं बुढा-बुढीची वरात म्हणून टाळ्या पिटतात. अनोळखी लोकांपुढे तेच पुन्हा सांगायची त्याला लाज वाटली. "आज आखरी चक्कर थी," तो म्हणाला.

ईश्वरदासनं आयुष्यात बरेच लबाड मालक धरले होते. असा खोटं बोलणारा त्याला पहिल्यांदाच भेटला. तो मागे फिरला आणि चपला काढून वऱ्हांड्यात येऊन बसला.

"गाडी थंडी होऊ द्या जी. आमी बसतो."

शेजारणीच्या मदतीनं हिरालालनं भात-वरण रांधलं, सगळे जेवले. सुशिलाबाईनं ईश्वरदासला बैलांबद्दल विचारलं, आणि त्यानं लाख्या-मोऱ्याचं सगळं पुराण ऐकवलं, अगदी लाख्यानं एका सरपंचाला कसं ढुशी मारून तळ्यात पाडलं होतं तेसुद्धा. बाई डाव्या हातानं तोंड झाकून हसत होती. दुपार कलल्यावर प्रफुल्लनं बॉनेटवर हात ठेवला. गार. किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं, निळसर धूर सोडला आणि मग एका लयीत चालू झालं. प्रफुल्ल डोळे मिटून ऐकत राहिला.

"धुराचं काम मी करतो. खालचा पत्रा बदलतो," तो म्हणाला. "काकाजी, मालक?"

"मालक खरा हाय. घे."

व्यवहार झाला, कागदांवर सह्या झाल्या. निघायच्या आधी प्रफुल्लनं कोणाला न विचारता सुशिलाबाईला गाडीत बसवून तळ्यापर्यंतची फेरी मारून आणली. तिला खाटेवर बसवून तो परतला तेव्हा ईश्वरदास त्या भोंग्याकडे पाहत उभा होता. बोलावं का, अशा विचारात होता. गाडी आता पोराची, पोत त्याच्या बायकोची, आणि वरातीला तर भोंगा हवाच. आपण कोण सांगणारे?

प्रफुल्लनं पान्हा काढला. भोंग्याचे नट सोडवले, पितळ शर्टाच्या टोकानं पुसलं आणि तो सुशिलाबाईच्या डाव्या हाताशी ठेवला.

"गाडी जाऊन राहिली, आजी," तो म्हणाला. "आवाज घरी राहू द्या."

हे बोल ईश्वरदासनं एकदा आपल्या ओसरीवर ऐकले होते. देवरीहून आल्या दिवशी खेमराजला त्यानं चहासुद्धा विचारला नव्हता, नुसता माळ धरून बसला होता. आज जन्माचे सगळे उपकार एकदम आठवले. त्याला कोणापुढे तरी हात जोडावेसे वाटले, म्हणून त्यानं ते हिरालालपुढे जोडले. हिरालालनं धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागायचं म्हणून गाडी गल्लीतून वळली. ईश्वरदास सुशिलाबाईच्या जागेवर बसला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपी हातात धरून.

"काकाजी, बाबा राह्यते तं काय म्हनते?" प्रफुल्लनं विचारलं.

ईश्वरदास उत्तर देणार, इतक्यात मागून, राइस मिलच्या भिंतीपलीकडून, भोंगा वाजला. थांबून पुन्हा वाजला.

"हे पाय," ईश्वरदास म्हणाला, "खेमराज बोलूनच राहिला."