पट्टीवरचा दात

दादाच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि मी उन्हाळी सुट्टीसाठी वाटूरला आले होते. शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत आणि वसतिगृहात झालं. गावातल्या बायकांशी काय बोलावं हे मला सुचत नसे, म्हणून मी पुस्तक घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसायचे आणि बघायचे. वहिनीही कुणाशी बोलत नसे. ती नवी सून होती. पदर ओठांवर धरून मान हलवायची, त्यामुळे तिचा पुरता चेहरा आईने किंवा मी नीट पाहिला नव्हता. दादा जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत कामाला होता. तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचा.

त्या मंगळवारी वहिनी जेवली नाही. बुधवारी सकाळी मोरीत बसून ती सारखी थुंकत होती. चहा घेतला तोही बाहेर आला. आईने हे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. शेजारच्या मावशी ताक न्यायला आल्या होत्या. त्यांनी आत डोकावून विचारलं, "सून काय करून राह्यली मोरीत?"

"काय सांगू बाई," आई म्हणाली, "पाणीसुद्धा ठरंना पोटात."

"मंग पेढे कधी?"

"व्हईल की जल्दी. घाई काय हाय?"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळलं होतं. कुणी चिंचा आणून दिल्या, कुणी कैरी. वहिनीने त्यातलं काही तोंडात घातलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं आणि दोनेक दिवसांनी लघवी तपासू म्हणाले. आईने हसत हसत मान डोलावली.

गुरुवारी तिला ताप चढला. दुपारी आई शेतावर गेली होती. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मान दुखते अशी खूण करत होती. मी बाम घेऊन बसले. मानेची डावी बाजू सुजली होती. बाम चोळताना कातडीखाली काहीतरी कुरकुरलं. मुरमुऱ्यांच्या पिशवीवर बोट दाबल्यासारखं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. गरोदर बाईच्या मानेत हवा भरते असं मी कुठेच वाचलं नव्हतं.

"वहिनी, तुम्ही काही गिळलं का?"

तिने पहिल्यांदा पदर बाजूला केला. वरच्या समोरच्या दातांमध्ये एक मोठी फट होती. लहानपणी हातपंपाचा दांडा तोंडावर बसून तिचा दात पडला होता. लग्न ठरायच्या आधी तिच्या आईने जालन्यातून गुलाबी प्लास्टिकच्या पट्टीवरचा एक खोटा दात बसवून आणला. तो काढता-घालता यायचा. जेवताना आणि झोपताना काढून ठेव, असं दाताच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सासरी जेवताना दात काढून ठेवायचा कुठे? घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती चुलीपाशी घाईघाईने जेवायची. सोमवारी रात्री माझ्या आईने पाणी मागितलं, तिने तोंडातला घास तसाच गिळला आणि त्याबरोबर पट्टीही गेली. ती खाली ढकलायला तिने भाकरीचे कोरडे तुकडे गिळले, मग केळं. त्यानंतर दुखणं वाढतच गेलं. हे सगळं तिने फार हळू, नाकात बोलल्यासारखं सांगितलं आणि माझं मनगट धरलं.

"ताई, कोणाला सांगू नका. फसवलं म्हणतीन. मला माहेरी धाडतीन."

मी मनगट सोडवून घेतलं. फाट्यावरच्या फोनवरून दादाला कळवलं की वहिनीचा गळा फुगलाय आणि ताप आहे, जीप घेऊन ये. आई शेतावरून आली तेव्हा जीप दारात उभी होती.

"पहिल्या टायमाला असंच असतंय," आई म्हणाली. "एवढा खर्चा कशाला? आमची इंग्रजी मडम घाबरली म्हणून?" पण वहिनीच्या कपाळाला हात लावल्यावर ती स्वतःच जीपमध्ये चढली.

जालन्याच्या सर्जनांनी वहिनीची मान दोन बोटांनी दाबली, थांबले, कान जवळ नेऊन पुन्हा दाबली. मग एक्स-रे काढायला पाठवलं. मानेच्या एक्स-रेत मणक्यांच्या पुढे काळ्या रेघा होत्या. ती हवा होती, आणि ती तिथे असायला नको होती. अडकलेलं मात्र काहीच दिसत नव्हतं.

"अन्ननलिका फाटलीय," ते म्हणाले. "काय गिळलं? हाड? काटा?"

"आम्ही माळकरी मानसं, साहेब," आई म्हणाली. "हाड कुठलं घरात? तिला दिवस गेलेत."

वहिनी स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होती. दादा डॉक्टरांकडे बघत होता. इतक्या माणसांसमोर मी एरवी तोंड उघडलं नसतं. मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की पट्टीवरचा एक दात आहे, तिने सोमवारी रात्री गिळलाय, आणि घरात कुणाला माहीत नाही. त्यांनीही इंग्रजीतच विचारलं, तार आहे का पट्टीला? मी नाही म्हणाले. मग एक्स-रेत दिसणार नाही, ते म्हणाले.

"काय म्हणली ही?" आईने विचारलं.

"ताप किती दिवस आहे ते सांगितलं," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर पेनाने दोन नळ्या काढून आम्हाला समजावलं. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. मागच्या नळीला भोक पडलंय. गिळलेली थुंकीसुद्धा त्यातून बाहेर मानेत जातेय आणि तिथे पू होतोय. तो खाली छातीत उतरला तर आपल्या हातात काही राहत नाही. औरंगाबादला पाठवता येईल, पण आधीच उशीर झालाय. दादाने सही केली.

आधी त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली. पट्टीची एक कड नळीत रुतून बसली होती. ओढली असती तर नळी आणखी फाटली असती, म्हणून त्यांनी मान डाव्या बाजूने उघडली. पू काढला, पट्टी काढली. भोकाच्या कडा सडल्या होत्या, टाके धरतील याची खात्री नव्हती. म्हणून मानेचाच एक स्नायू वळवून त्यावर ठिगळासारखा शिवला आणि जखमेत पू बाहेर यायला रबराची नळी ठेवली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही तिघं बाकावर बसलो होतो आणि आई विचारत होती, "लेकराला काही व्हनार न्हाई ना?"

ऑपरेशनमधून काय निघालं ते नातेवाइकांना दाखवायची तिथे पद्धत होती. मी डॉक्टरांना म्हणाले होते, दाखवू नका. ते म्हणाले होते, सही नवऱ्याची आहे, त्याला दाखवावं लागेल. त्यांनी दादाला एकट्याला बोलावलं. आई मागोमाग गेलीच.

ताटलीत गुलाबी पट्टी होती आणि तिला एक पांढरा दात.

"हे काय?"

"दात आहे, आई," दादा म्हणाला.

"कोणाचा?"

"तिचाच. मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळालं होतं. गिळला हे माहीत नव्हतं."

आई ताटलीकडे बघत राहिली. "मंग दिवस?"

"लघवी तपासली. तसं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

आई बाहेर येऊन बाकावर बसली. "सगळ्या गल्लीला सांगून बसले मी," एवढंच म्हणाली. उजाडेपर्यंत ती तिथून उठली नाही. वहिनीला बघायला आतही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीची आई आली. ती आल्या आल्या आईच्या पाया पडायला वाकली. आईने पाय मागे घेतले.

"सांगायला काय झाल्तं तुम्हाला? दात न्हाई म्हनून काय आम्ही पोरीला न्हाई म्हणलो असतो?"

वहिनीची आई रडायला लागली. आईने सरकून तिला बाकावर जागा करून दिली. मग म्हणाली, "म्हणलो असतो." आणि तिला चहा आणायला दादाला पाठवलं.

काही दिवसांनी वहिनीच्या मानेवरचं बँडेज थुंकीने भिजू लागलं. आतला एक टाका सुटला होता. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची, तोंडातून थेंबभरही द्यायचं नाही, आतून भरून येईल किंवा येणार नाही. नाकातल्या नळीतून दूध आणि भाताची पेज सोडायची होती. नर्सने ते मला शिकवलं. आई दारात उभी राहून बघायची. एके दिवशी ती आत आली, माझ्या हातातून वाटी घेतली आणि म्हणाली, "गुठळ्या ठिवती तू. अडकंल नळीत." तिने पेज फडक्यातून दोनदा गाळली. त्या दिवसापासून पेज तीच करू लागली. वहिनीशी मात्र बोलत नव्हती.

मानेवरचं बँडेज हळूहळू कोरडं राहायला लागलं. वहिनीला एक पातळ औषध पाजून पुन्हा एक्स-रे काढला. ते सरळ खाली उतरलं, बाजूला कुठे झिरपलं नाही. तेव्हा पाणी पाजायची परवानगी मिळाली. आईने चमचा धरला. वहिनीने गिळलं, डोळे मिटले, आणि आम्ही सगळे तिच्या मानेकडे बघत राहिलो. काही झालं नाही. आईने दुसरा चमचा भरला.

जीप सांगायची वेळ आली तेव्हा वहिनीने मला विचारलं, "ताई, मला कुठं नेणार? माहेरी का?" उत्तर आईनेच दिलं, पिशवी बांधता बांधता, तिच्याकडे न बघता. "माहेरी कशाला? तिथं पेज कोन गाळनार हाय?"

घरी पोचलो त्या संध्याकाळी शेजारच्या मावशी दोघी-तिघींना घेऊन आल्या. मानेवरची लाल शिवण सगळ्यांना दिसत होती.

"काय झाल्तं ग बाई?"

"गाठ व्हती गळ्यात," आई पटकन म्हणाली. "काढली. आता बिलकुल बराबर हाय."

"अन् दिवस?"

आई पेजेची वाटी घ्यायला वळली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिचा आवाज अजून घोगराच होता.

"दिवस न्हाई गेल्ते, मावशी. गाठ पन नव्हती. माझा खोटा दात मी गिळला व्हता." आणि तिने ओठ वर करून फट दाखवली.

मावशी आधी आईकडे बघू लागल्या. आई वाटीतली पेज ढवळत होती. "बघून घ्या नीट," ती म्हणाली, "नवा बसवनार हाय, पक्का. मंग दिसायचा न्हाई." आणि तिने वाटी वहिनीपुढे सरकवली.