लांडग्यांच्या पुस्तकातली सोळा पानं

मी चौथी पास. आयुष्यात एकच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि तेही लांडग्यांवरचं. हातातून पुस्तकं गेली ढिगानं. अंधेरीला एका गाळ्यात बाइंडिंगचं काम करायचो, तिथे पुस्तक म्हणजे वजन. आत काय लिहिलंय हे बघायला वेळ कोणाला.

हे पुस्तक घरी आलं कारण त्याचा पुठ्ठा उलटा चिकटला होता. मालक म्हणाला, घाल रद्दीत, नाहीतर घेऊन जा. साल चौऱ्याऐंशी असावं. बायकोला आजारी पडून तेव्हा तीन महिने झाले होते. दिवसभर खाटेवर पडून असायची. तिला विचारलं, "लांडग्यांचं पुस्तक आहे, वाचून दाखवू?"

"लांडग्याचं काय वाचायचं? मी बघितल्यात लांडगं."

ती माणदेशातली, लहानपणी माळावर शेरडं राखलेली. पण दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर स्वतःच म्हणाली, "काढा ते. बघू तरी त्याला काय म्हाईत हाय."

घाटकोपरला डोंगरावर आमची एक खोली होती, वर पत्रा. मी दारात उजेडाला बसायचो आणि ओळीवर बोट ठेवून वाचायचो. येणारा-जाणारा हसायचा, "बाबा, पुस्तक उलटं धरलंय." पुठ्ठा उलटा आहे, पानं सरळ आहेत, हे किती जणांना सांगणार. शेवटी म्हणायला लागलो, "मला उलटंच वाचता येतं, तू तुझं बघ."

पुस्तक लिहिणारा माणूस दोन वर्षं माळावर लांडग्यांच्या मागे हिंडला होता. ते कुठे बसतात, पिल्लं कुठे ठेवतात, कसे निघतात, सगळं टिपत होता. माझ्यासारख्यालाही कळेल असं लिहायचा. वाक्यं तोकडी. लांडगा दुष्ट आहे असं एकदाही लिहिलं नाही, आणि मेंढराची कीवही केली नाही. दिसलं तेवढं लिहायचा. दिसलं नसेल तर "मला दिसलं नाही" असं सरळ लिहून पुढे जायचा. पण वारा कुठून होता आणि आपण किती लांब बसलो होतो, हे दर वेळी सांगायचा.

आणि लांडगा यायचा तेव्हा लांडग्याचं नावच नसायचं. आधी टिटवी गप्प व्हायची. मग चरणारी मेंढरं माना वर करायची आणि तशीच उभी राहायची. मग गवताला एक घडी पडायची, आणि ती घडी वाऱ्याच्या उलट सरकत यायची. बस. पुढे काही नाही, पान संपलं. भर उजेडात, बाहेर पोरं गोट्या खेळत असताना, माझ्या अंगावर काटा यायचा.

ती डोळे मिटून ऐकायची. म्हणायची, "बरोबर हाय. आदी गप्प हुतंय सगळं. ते आपल्याला मागनं कळतं."

आमच्या दारातही तेच चाललं होतं. वस्तीतल्या बायका तिला बघायला यायच्या, वाटेत मोठमोठ्यानं बोलत यायच्या, आणि उंबऱ्यापाशी आल्या की आवाज जायचा. कारण त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तिच्या पोटात गाठ होती. आषाढात दवाखान्यात डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं आणि म्हणाला, "कापून उपयोग नाही, पसरली आहे. दसरा दिसेल, दिवाळीचं सांगता येत नाही. बाईंना बोलू नका, धीर सुटेल." मी बाहेर आलो. ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला म्हणालो, सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. तेव्हा असंच करायचे. पेशंट सोडून सगळ्यांना ठाऊक. थोरली पोरगी सासरी, कराडकडे; तिलाही कळवलं नाही. ती आली असती तर रडली असती, आणि हिला समजलं असतं.

वाचताना अडखळायला नको म्हणून मी पुढची पानं सकाळी नळाच्या रांगेत वाचून घ्यायचो. एका सकाळी पुस्तकात आधीपासून येणाऱ्या म्हाताऱ्या लांडगिणीचं प्रकरण आलं. ती आजारी पडते. कळपातले लांडगे दोन-चार दिवस तिच्यापुढे मांस आणून टाकतात. ती तोंड लावत नाही. मग एका सकाळी ती पिल्लांपासून उठते आणि लांबच्या ओघळीत जाऊन बसते. तिला कळलं होतं असं तो माणूस लिहीत नाही. तिनं जागा बदलली, एवढंच लिहितो. नर येतो, पण जवळ जात नाही, वरच्या दगडावर बसतो. रोज तिच्या फासळ्या किती वेळानं हलतात, हे तो माणूस लांबून मोजत राहतो.

माझी बादली भरून वाहत होती तरी मी तसाच उभा होतो.

हे तिला वाचून दाखवणार नव्हतो. नुसती पानं उलटली असती, पण शेजारची सून दुपारी कधी कधी तिला वाचून दाखवायची. तिच्या हाती ते लागलं असतं. आमच्या धंद्यात सोळा पानांच्या घडीला जुज म्हणतात. अशी जुजं दोऱ्यानं एकमेकांना शिवली की पुस्तक होतं. ते प्रकरण बरोबर एका जुजात बसलं होतं. असं फार क्वचित होतं, मला वाटलं देवानंच सोय केली. जेवणाच्या सुट्टीत दोरा कापला, जुज काढलं, बाकीचं परत शिवलं. मालकालाही ओळखू आलं नसतं.

रविवारी दुपारी वाचायला बसलो. जोडावर आलो तेव्हा मधलं काहीतरी सांगणं भाग होतं. पानाकडे बघत मनानंच वाचलं, "मग ती म्हातारी लांडगीण बिचारी दुसऱ्या माळावर निघून गेली आणि तिथे सुखानं राहू लागली."

"थांबा," ती म्हणाली. "परत वाचा."

परत वाचलं. पण आधी काय बोललो ते नीट आठवेना, दुसरेच शब्द आले.

"ह्ये त्यानं लिवलेलं न्हाई."

"मग कोणी लिहिलंय?"

"तुमी. तो कुनाला बिचारी म्हनत न्हाई. मेंढराला म्हनला न्हाई, आन लांडगिनीला म्हनल? आन सुखानं ऱ्हायली म्हनं. वारा कुठनं हुता? तो कुठं बसला हुता?"

मी पान उलटायला लागलो.

"आना हिकडं."

तिला अक्षर येत नव्हतं. पण वर्षानुवर्षं मी गाळ्यातून छापील कागद घरी आणायचो आणि घड्या तीच घालायची, पट्टीनं दाबून दाबून. जुजं लावून ठेवायचीही तीच. तिनं पुस्तक उभं धरलं, वरून डोकावली, पाठीवर अंगठा फिरवला. पुठ्ठा पूर्वीच्या जाडीचा, आतली पानं कमी. तिथे चिमटीएवढी पोकळी राहिली होती. ती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

"पाठ मोठी, पोट बारीक. एक जुज काढलंया. आन शिवण नवी हाय. कुठं हाय ते?"

"रद्दीत टाकलं."

"तुमी? छापलेलं जुज रद्दीत? सांगा दुसऱ्या कुनाला."

ते पेटीत, कपड्यांखाली होतं. काढून आणलं आणि वाचलं. मध्ये दोनदा ओळ चुकली. ती म्हणाली, "बोट ठिवा आन वाचा." सगळी सोळा पानं वाचून घेतली. मग पत्र्याकडे बघत विचारलं, "डाक्टर काय म्हनला?"

"काही नाही गं, सूज..."

"तसं न्हाई. ह्या मानसावानी सांगा."

मी सांगितलं. गाठ आहे, पसरली आहे, कापून उपयोग नाही, दसरा दिसेल.

"कवापासनं म्हाईत हाय?"

"आषाढापासून."

"वस्तीला?"

"वस्तीलाही."

"मला सोडून समद्यास्नी," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चहा केला, घेतला नाही. शेजारची सून दारात आली, आमच्याकडे बघून गप्प झाली आणि तशीच मागे फिरली. मी खाटेच्या पायथ्याशी बसून राहिलो. 

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं कूस बदलली. "थोरलीला कार्ड लिवा. आत्ता."

पोस्टकार्ड होतं घरात. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं, आईची तब्येत जरा बरी नाही, सवडीनं येऊन जा.

"खोडा. जरा म्हनं. सवडीनं म्हनं. ती सुगी झाल्यावर यील, आन काय बघील?"

"मग काय लिहू?"

"आई मरायला लागलीया. दसऱ्याच्या आत ये. पोरांस्नी सासूकडं ठिव."

माझ्या हातून ते उतरेना. ती घाई करत नव्हती, नुसती बघत होती. शेवटी तिनं सांगितलं तसंच लिहिलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. दोन्ही वेळा शब्दाला शब्द जुळला तेव्हा म्हणाली, "जावा, टपालाच्या पेटीत टाका."

पोरगी पाचव्या दिवशी आली. दारातच पिशवी ठेवली, आईजवळ गेली आणि दोघी माझ्याशी न बोलता किती तरी वेळ बोलत बसल्या. दसऱ्याच्या चार दिवस आधी बायको गेली. पोरीला आईबरोबर अकरा दिवस मिळाले. माझं चाललं असतं तर तेवढेही मिळाले नसते.