ठोक्याचं अक्षर

दुपारी एक ते चार आमच्या दुकानाचं शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून बाकी खाली ओढलेलं असतं. भांडी आळीतली सगळीच दुकानं या वेळात जेवतात आणि झोपतात. मी घरी जात नाही. काउंटरच्या मागे पोतं अंथरते, उशाला जुन्या चादरीची घडी घेते आणि आडवी होते. आज झोप पापण्यांपर्यंत येऊन घुटमळतेय, कारण उजवा हात अजून कामावरच आहे. सकाळपासून साठ वाट्यांवर मी एकच ओळ घातली आहे, 'कै. मथुराबाई यांच्या स्मरणार्थ'. कोरायचं मशीन केव्हाच बंद केलं, पण त्याची गुणगुण बोटांतून कोपरापर्यंत चालू आहे. मथुराबाई कोण होत्या मला माहीत नाही. हाताला मात्र त्या आता पाठ झाल्या आहेत.

भांड्यांवर नावं घालणं हा माझा धंदा. लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची, श्राद्धाची. दुकान थोरल्या दिरांचं, दारातलं टेबल माझं. दिरांना सगळी आळी दादा म्हणते, मीही दादाच म्हणते. लोक जुनी भांडी मोडीत घालून नवी नेतात. त्या मोडीतल्या पितळी ताटल्या मी अधूनमधून उचलते आणि त्यांच्या पाठीवर माझं स्वतःचं काहीतरी लिहिते. चार ओळी, कधी सहा. अकरा वर्षांत एकोणीस ताटल्या झाल्या. त्यांना कविता म्हणायची मला लाज वाटते, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

आज त्या एकोणीसही पिशवीत भरून आणल्या आहेत, पायाशी ठेवल्या आहेत. चार वाजता वाचनालयाच्या देवस्थळी मॅडम त्या न्यायला येणार. गेल्या आठवड्यात डब्यावर नाव घालायला आल्या होत्या, तेव्हा एक ताटली टेबलावर चुकून पालथी राहिली. मॅडमनी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि अशा अजून आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, वाचनालयात मांडू या, लोक येऊन पाहतील. मी बावळटासारखी हो म्हणाले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. त्यांनी वाचली ती ही :

नावाचा हंडा माहेरचा
सासरी पाण्याला लागला.
नाव त्याच्यावरच राहिलं,
मला सगळे 'अगं' म्हणतात.

हे दादांनी वाचलं, जाऊबाईंनी वाचलं, तर? तीस वर्षं ज्या घरात खाल्लं त्याच घराची अब्रू वेशीवर टांगली असं होईल. बाकीचे हसतील ते वेगळंच, की भांडी कोरणारी बाई आता कविता करायला लागली. म्हणून माझं ठरलंय. चार वाजायच्या आत पिशवी मोडीच्या ढिगात ओतायची. उद्या टेम्पो येईल, ढीग भट्टीत जाईल. मॅडमना सांगायचं, सापडत नाहीत हो कुठं. ती एक ताटली शेवटची बघावी म्हणून बाहेर काढली आहे. ती पोटावर पालथी आहे आणि श्वासाबरोबर वर-खाली होतेय.

टक. टक. टक.

माझ्या टेबलाशी सदूअण्णा बसले आहेत.

सदूअण्णा वेळापुरे. माझ्या आधी या टेबलाशी तेच बसत, मला अक्षर त्यांनी शिकवलं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली आणि हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तरी मी उठून पाया पडते, कारण वडीलधारं माणूस आल्यावर पडून कसं राहायचं. त्यांच्या हातात छिन्नी आणि बारकी हातोडी आहे. मांडीवर भांडं मात्र नाही. ते हवेतच ठोके घालताहेत आणि आवाज पितळेचा येतोय.

"अण्णा, जेवलात?"

"आता कसलं जेवण, पोरी." ते मान वर करत नाहीत. "अक्षर पुसट येतंय बघ. उजेड कमी हाय तुझ्याकडं."

"शटर वर करू?"

"नको. शटर उघडलं की मला जावं लागंल."

मी शटरकडे बघते. खालच्या फटीतून उजेड येत नाही, पाय दिसताहेत. बायकांचे पाय, जोडवी घातलेले, ओले. पुष्कळ आहेत आणि एकही हलत नाही.

मंगल कार्यालयात पंगत बसली आहे. माईकवरून आहेराची नावं पुकारताहेत. आवाज दादांचा आहे, पण दादा कुठे दिसत नाहीत. पंगतीतल्या बायका जेवत नाहीत. प्रत्येकीनं आपलं ताट वाढलेल्या अन्नासकट उलटं केलंय आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवत ती काहीतरी शोधतेय. सगळ्या ताटांच्या पाठी कोऱ्या आहेत. आमटीचा ओघळ माझ्या पायापर्यंत येतो. गरम लागतो.

"माझ्या ताटल्या हुडकत्यात त्या," अण्णा शेजारून म्हणतात. "सदतीस होत्या. वाच की त्यांना एखादी."

अण्णांच्या ताटल्या मी वाचल्या होत्या. अख्ख्या जगात फक्त मीच वाचल्या होत्या. एका दुपारी त्यांनी खाटेखालची पेटी माझ्यासमोर उघडली, मला वाचू दिलं आणि पेटीला पुन्हा कुलूप घातलं. मी ताटल्यांवर लिहायला लागले ते त्यानंतर. पण त्या सदतीसमधली मला आज एकच आठवते, तीही अर्धी. ती मी म्हणते, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशी :

"रोज घासतेस मला, बाई,
कधी उलटं करून वाचशील?"

एका बाईचं बोट थांबतं. "पुढं?" ती विचारते.

"पुढचं नाही आठवत."

"एवढंच ऱ्हायलं का गं माझं?" अण्णा म्हणतात. रागानं नाही. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

माईकवर दादांचा आवाज येतो, सदाशिव वेळापुरे यांच्याकडून काही नाही. पुढचं नाव घ्या.

दुकानाला छत नाही आणि मोडीचा ढीग आभाळापर्यंत गेलाय. अण्णांचा मुलगा पाठीवर पोतं घेऊन आत येतो. हे मी एकदा खरंच पाहिलेलं आहे, अण्णांच्या चौदाव्या दिवशी. पोतं उलटं झालं, ताटल्या खळाळत ढिगात गेल्या. मी तेव्हा चार हातांवर बसले होते, कुणाच्या तरी कळशीवर नाव घालत. मशीन बंद करून एवढंच म्हणायचं होतं, थांबा, त्या उलट्या करून बघा. मी मशीन बंद केलं नाही. आता पुन्हा पोतं उलटं होतंय आणि पुन्हा माझ्या हातात मशीन चालू आहे. बटण दाबते, वायर उपटते, तरी ते थांबत नाही.

"अण्णा, मी गप्प बसले." मला रडू फुटतं. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. चार वर्षं मला ते पोतं दिसतंय."

अण्णा ढिगावर चढताहेत. एकेक भांडं त्यांच्या पायाखाली वाजतं. "गप्प बसायला मीच तुला सांगितलं हुतं. कुणापाशी बोलू नको म्हणलो. लोक हसतील म्हणून. चाळीस वर्षं भ्यालो मी त्या हसण्याला, आणि हसलं कोणच न्हाई. हसायला आधी वाचायला तर पायजे ना कुणीतरी."

"मग मी काय करू?"

"मला काय इचारतीस? मी वितळलो."

हे ते अगदी साधं बोलतात, पाऊस पडला म्हणावं तसं. पण त्यांच्या बोटांची टोकं पिवळी, मऊ झाली आहेत. नखांचा आकार जातोय. पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटते. हातोडी त्यांच्या बोटांतून निसटते आणि खाली, खूप खाली, पाण्यात पडल्याचा आवाज येतो.

माहेरच्या विहिरीवर ऊन आहे. काठावर माझा हंडा भरून ठेवलाय आणि अण्णा त्याला टेकून बसलेत, दमल्यासारखे. मी हंड्यात वाकून बघते. पाण्यात अण्णा दिसतात, रहाट दिसतो, मी दिसत नाही.

अण्णा एक ताटली पुढे करतात. माझीच आहे, हंड्याची.

"खाली नाव न्हाई घातलंस."

"आपल्याच लिहिण्याखाली आपलं नाव कशाला, अण्णा?"

"अख्ख्या गावाची घालतीस. घाल."

मी मशीन टेकवते. हात आपोआप चालतो, सकाळपासून चालत होता तसा, आणि मी बघते तर नावाच्या आधी 'कै.' उमटलंय. आमच्या धंद्यात ही चूक होते. श्राद्धाच्या भांड्यांचं मोठं काम संपवून लगेच लग्नाचं ताट हातात घेतलं, की हात नवरीलाही कै. करून ठेवतो. म्हणून तर अण्णा असं काम संपलं की मला चहाला उठवत. आज मी चहा प्यायले नाही.

मी पदरानं घासते. जात नाही. थुंकी लावून घासते. उलट ते आणखी खोल होत जातं आणि हंड्यातलं पाणी खाली खाली जातं.

"जित्या माणसाला कै. लावलंस," अण्णा म्हणतात.

"चुकून झालं हो. हाताला तेच वळण पडलंय."

"आणि चारच्या आत करणार हुतीस, ते बी चुकूनच का?"

हंड्याचा तळ दिसायला लागलाय. मला मरायचं नाही एवढंच कळतं, आणि ते मी ओरडून सांगते. मला मरायचं नाही, अण्णा. मला कुणीतरी वाचायला हवंय. हसू देत, रागावू देत, घरात चार दिवस कुणी बोललं नाही तरी चालेल, पण वाचायला हवंय.

अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहतात. त्यांचे हात माझ्या हातांवर येतात, गार, पहाटेच्या कळशीसारखे. मशीन कुठे गेलं कळत नाही. माझ्या चिमटीत छिन्नी आहे.

"ठोक्यानं घाल. दमानं."

टक.

"कुठलं नाव घालू?"

"ते बी मीच सांगू व्हय?"

टक. टक. माझा हात दुखतो, खरोखर दुखतो. ठोक्यागणिक आवाज वाढत जातो, विहिरीतून, हंड्यातून, डोक्यावरून, आणि खडखडाट करत शटर वर जातं.

दादा शटर ओढायची आकडी घेऊन दारात उभे आहेत. "अगं, चार वाजले," ते म्हणतात.

ऊन थेट माझ्या तोंडावर येतं. टेबलाशी कुणी नाही. मी धडपडत उठते, पोटावरची ताटली खणकन फरशीवर पडते. पिशवी अजून पायाशीच आहे. मोडीचा ढीग पार त्या टोकाला, आणि पायरीवर देवस्थळी मॅडम चपला काढताहेत.

ताटली उचलताना बोटाला काहीतरी खरखरीत लागतं. मशीननं घातलेलं अक्षर एकाच बाजूला राहतं, दुसऱ्या बाजूला त्याचा पत्ता नसतो. ठोक्याचं अक्षर पत्रा ढकलतं, ते मागून हाताला कळतं. ताटलीच्या आतल्या अंगाला, जिथं अन्न वाढतात तिथं, बारीक पुळ्यांसारखी एक ओळ उठली आहे. मी ताटली पालथी करते. माझ्या चार ओळींच्या खाली ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेली तीन अक्षरं आहेत. यमुना. आधी काही नाही, नंतर काही नाही. या दुकानात चार वर्षांत छिन्नी नाही. अण्णांची होती, ती त्याच पोत्यातून भट्टीत गेली.

"हीच ना ती?" मॅडम माझ्या हातातून ताटली घेतात.

अजूनही वेळ आहे. पिशवी बांधलेली आहे, बाकीच्या सापडत नाहीत म्हणता येईल. पण मॅडमना मनात वाचता येत नाही, त्या वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचतात. शेवटच्या ओळीला दादांचा आकडी टांगणारा हात तसाच वर राहतो. त्यांचा चेहरा मला दिसत नाही.

"खाली नाव आलंय की. मागच्या वेळी नव्हतं," मॅडम म्हणतात. "ही यमुना कोण?"

"आमच्याकडं कोणी यमुना नाही," दादा म्हणतात.

ते खोटं बोलत नाहीत. तांदळाच्या ताटात अंगठीनं सुलभा लिहून मला या घरात घेतलं. माझं पहिलं नाव त्यानंतर तीस वर्षांत त्यांच्यासमोर कुणी उच्चारलेलं नाही, मीसुद्धा नाही.

मी पिशवीची गाठ सोडते. मग मी बाकीच्या अठरा ताटल्या टेबलावर पालथ्या मांडते, एकेक करून, सगळ्या.

"आहे, दादा," मी म्हणते. "मी यमुना."