मामाजींच्या मुंग्या

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही — आणि माझा स्वभाव लपवाछपवीचा नाही हो, भाजीत मीठ जास्त पडलं तर पानं वाढायच्या आधीच सांगून मोकळी होते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही. सांगताना मध्येच मला हसू आलं तर येऊ द्या. ते काही माझ्या हातात नाही.

गोष्ट टीव्हीची. आणि माझ्या सासऱ्यांची — त्यांना आम्ही दोघी सुना मामाजी म्हणायचो. मामाजी जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. नागपूरच्या नंदनवन वस्तीत त्यांनी स्वतः आखून बांधलेलं घर आणि त्या घरात आम्ही सगळे — सासूबाई, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. मुंबईच्या नणंदेनं नवा टीव्ही घेतला तेव्हा जुना मामाजींना पाठवून दिला. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं. यात काय विशेष, असं वाटलं ना? विशेष हे, की त्या काळी नागपुरात टीव्हीचं केंद्रच नव्हतं. बटण दाबलं की पेटी तापायची, जरा गुरगुरायची आणि मग पडदाभर मुंग्या. काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या, न संपणाऱ्या मुंग्या. बस.

पण मामाजींनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. एरवी टीव्हीच्या लहरी सरळ जातात आणि थोड्या अंतरावर आभाळात निघून जातात. कधीतरी मात्र हवा उलटी होते — वादळ होऊन जातं, वारा पडतो, आभाळ निवळतं आणि मग जमिनीलगत गार हवा, वर उबदार. अशा वेळी लहरी वर न जाता खाली वळतात आणि शेकडो मैल जातात. "पातेल्यावर झाकण ठेवलं का वाफ कुठं जाते?" ते मला विचारायचे. "कडेकडेनंच जाते ना? तसंच आहे हे, सूनबाई." मी तांदूळ निवडत असायचे. तांदूळ निवडताना उठून जाता येत नाही, म्हणून मी ऐकायचे. त्यांना वाटायचं, घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे.

गच्चीवर त्यांनी लोखंडी पाइप उभा केला, वर अँटेना. होकायंत्र लावून मुंबईची दिशा काढली आणि कठड्यावर लाल ऑइलपेंटनं बाण रंगवला. अँटेनाचं तोंड त्या बाणावर. मोजणीत आयुष्य गेलेला माणूस — दिशेच्या बाबतीत त्यांना कोण शहाणपण शिकवणार? रोज दिवेलागणीला ते पेटी लावून समोर बसायचे. घरात थट्टा ठरलेली. धाकटे दीर मनोहर भाऊजी म्हणायचे, "बाबा, मुंग्या मोजून झाल्या का?" सासूबाई तर पाहुण्यांना सांगायच्या, यांनी मुंग्या पाळल्या आहेत. मीही हसायचे. पदर तोंडाला लावून, पण हसायचे.

शेवटी वाळवणाला जागा पुरेना म्हणून माझ्या नवऱ्यानं पाइप काढायचा विषय काढला. मामाजी जेवताना म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबा. तोवर एक चित्र नाही आलं तर मी स्वतः उतरवतो." एकच चित्र. त्यांना काही बघायचं होतं असंही नाही हो — ते खरं आहे, एवढंच घराला दाखवायचं होतं.

त्या वर्षी होळीच्या तोंडावर गारा पडल्या. अशा पडल्या की अंगण पांढरं झालं, पापड भिजले, गल्लीतली कौलं फुटली आणि आमच्या अँटेनानं गिरकी घेऊन तोंड पार सक्करदऱ्याकडे, दक्षिणेला फिरवलं. दुसऱ्या दिवशी कामठीला मामाजींच्या भाच्याचा साखरपुडा होता. सगळे निघाले. घर राखायला आणि पापड पुन्हा वाळवायला मी. निघताना मामाजींनी मला बाजूला घेतलं.

"पाइप बाणावर आणून ठेवजो," ते म्हणाले. "अन् संध्याकाळी लावून पाहजो बरं. आजची हवा सोडायची नाही. दुसऱ्या कोणाले मी सांगत नाही, तुलेच सांगून राहिलो."

मी हो म्हटलं. आणि विसरले. अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा अख्खं घर माझ्या एकटीचं झालं होतं — पाइप कुठला लक्षात राहतो? न्हाले. केस मोकळे सोडून घरभर फिरले. मामाजींच्या आरामखुर्चीत बसून चिवडा खाल्ला. दुपारपासून वाऱ्याची झुळूकही नव्हती, आभाळ धुतल्यासारखं निळं आणि मार्च असून अंगावर काटा येईल असा गारवा. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला, मग त्यांची आज्ञा म्हणून पेटीची दारं सरकवली आणि बटण दाबलं.

मुंग्या आल्या. मग मुंग्या एकीकडे सरकल्या. मग — कसं सांगू? — त्यांच्यामागून एक बाई आली.

बाई! गजरा माळलेली, मोठ्या काठाची साडी नेसलेली, मांडीवर वीणा घेऊन गाणारी बाई. आवाज आधी खरखरला, मग स्वच्छ झाला. भाषा तेलुगू असावी, एक शब्द कळला नाही. पण अशी ठसठशीत दिसत होती की तिच्या नाकातली चमकी हललेली मला कळत होती. कुठल्या तरी दूरच्या गावात बसून ती गात होती आणि नंदनवनात, आमच्या बैठकीच्या खोलीत, मी ऐकत होते. मी काय केलं असेल सांगा? आधी पदर डोक्यावर घेतला. परकं माणूस घरात आलं ना. मग जमिनीवर बसले आणि रडायला लागले — आनंदानं हो, दुसरं कशानं? गाणं संपलं. तिनं समोर बघून हात जोडले. आणि मीही जोडले. रिकाम्या घरात, केस मोकळे सोडलेली मी, पेटीला नमस्कार करत होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारच्या कुसुमताई विरजण मागायला आल्या होत्या. पडद्यावर आता एक गृहस्थ बोलत होते, तेही स्वच्छ. मी बटण बंद केलं. दारं ओढून घेतली. विरजण आणून दिलं.

"काहून हसून राहिली वं एकटीच?" त्यांनी विचारलं.

"काही नाही जी," मी म्हटलं.

कुसुमताई गेल्या आणि मी गच्चीवर गेले. आता इथं मी अडखळते आहे — कळतं आहे ना तुम्हाला? इतकी वर्षं मी स्वतःला असं सांगत आले, की पाइप सरळ करायचा राहून गेला होता, मामाजी रागावतील म्हणून घाईनं वर गेले. पण मामाजी माझ्यावर कधी रागावले होते? एकदाही नाही. आणि चित्र आलं ते अँटेना दक्षिणेला फिरली म्हणून, हे न कळण्याइतकी मी भोळी होते का? नव्हते. दोन वर्षं तांदूळ निवडत सगळं ऐकलं होतं मी.

खरं सांगते. आमच्या घरात पेरू आला तरी त्याच्या फोडी व्हायच्या. कंगवा सगळ्यांचा एक. माझ्या माहेरची साडी आधी धाकटी जाऊ नेसायची. त्या घरात पहिल्यांदा काहीतरी माझं, माझ्या एकटीचं झालं होतं आणि मला ते वाटून द्यायचं नव्हतं. मी दोन्ही हातांनी पाइप धरला आणि फिरवला. अँटेनाचं तोंड लाल बाणावर नेमकं आणलं. मनात गाणं चालू होतं.

खाली उतरते तो मामाजी दारात. एकटेच. धापा टाकत, टोपी हातात.

"पंगत सोडून आलो," ते म्हणाले. "तिथं मांडवात गार लागलं अन् वारा बिलकुल नाही. म्हटलं, आज येते. मिळेल त्या बसनं निघालो. काही दिसलं का वं?"

किती सोपं होतं! पेटी अजून गरम होती. त्यांना गच्चीवर न्यायचं, पाइप परत फिरवायचा, एवढंच. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं त्या घटकेला.

"मुंग्याच होत्या, मामाजी," मी म्हटलं.

ते चप्पल न काढता पेटीसमोर बसले. मी चहा करून दिला. पेटी मुंबईकडे तोंड करून मुंग्याच दाखवत राहिली आणि ते एकेक बटण हळूच फिरवत राहिले, कान लावून, श्वास रोखून. मी मागे उभी राहून पाहत होते. वाईट वाटत होतं का? खोटं कशाला बोलू — मला इतका आनंद झालेला होता की त्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

मग बाकीचे आले. मनोहर भाऊजींनी पंगतीतली बुंदी पुडीत बांधून आणली होती. ती त्यांनी टीव्हीवर ठेवली आणि म्हणाले, "घ्या बाबा, तुमच्या मुंग्याइसाठी." सगळं घर हसलं. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? पदरसुद्धा लावला नाही मी तोंडाला.

पाडव्याला मामाजींनी पाइप उतरवला. शब्द दिला होता ना. कोणाला हात लावू दिला नाही, एकटे वर गेले आणि पाना घेऊन एकेक बोल्ट सोडवला. मी खाली पुरण वाटत होते. बोलले नाही. नंतरही बोलता आलं असतं — आषाढात, दिवाळीत, ते तापानं निजून होते तेव्हा कपाळावर पट्टी ठेवताना. पण पहिल्या दिवशी जे सांगायला हसू आलं असतं, ते पुढे पुढे सांगायला भीती वाटू लागली.

मग नागपुरातच टीव्हीचा टॉवर उभा राहिला. काय दिवस होता तो! अख्खी गल्ली आमच्याकडे. चटया टाकल्या, कुसुमताईंनी चकल्या आणल्या, मुलं खिडकीच्या गजांना लटकली. मामाजींना मधोमध खुर्ची. ज्यांनी ज्यांनी थट्टा केली होती ते सगळे म्हणत होते, बाबांनी आधीच ओळखलं होतं. चित्र आलं — एक मुंगी नाही, काचेसारखं — आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण. मामाजींनी थोडा वेळ पाहिलं आणि उठून गच्चीवर गेले.

मी त्यांचा चहा घेऊन वर गेले. ते कठड्याला टेकून उभे होते.

"चांगलं दिसते," ते म्हणाले. "पण हे काय, इथून इथंच आहे. सगळ्याइलेच दिसते. मले ते दुरून आलेलं पाहायचं होतं." चहाचा घोट घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तसं काही येत नसन, सूनबाई. त्या मासिकवाल्यानं खोटंच लिहिलं असन. मी आपला उगाच येड्यासारखा बसत होतो."

त्या वेळी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. खाली सगळे पडद्यात गुंग. मी विचार करायला थांबलेही नाही.

"खोटंच लिहिलं असन, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कप माझ्या हातात दिला. मी खाली आले, तो विसळून ठेवला आणि सगळ्यांबरोबर चटईवर बसून शेवटपर्यंत टीव्ही पाहिला. फार मजा आली.