मच्छिंद्र वाकळे यांचा युरोप दौरा

मच्छिंद्र वाकळे नाव घेण्यासारखा लांब तीनदाच गेला होता. एकदा आणंदला, दूध तपासणीचं ट्रेनिंग घ्यायला. एकदा तिरुपतीला, सासऱ्यांचा नवस फेडायला. आणि अलीकडे पुण्याला, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला. पुणं काही फार लांब नाही, पण त्या फेरीमागचं प्रकरण लांब आहे आणि इथं तेच सांगायचं आहे.

तो दूध संघाच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं नोकरीला. संघ कुठला ते विचारू नये. जिल्ह्यात संघ पुष्कळ आहेत आणि चेअरमनही सगळीकडे साधारण एकाच मापाचे. टँकर आला की नमुना काढायचा, फॅट बघायचं, दुधात पाणी आहे का, युरिया आहे का ते बघायचं आणि खरं तेच लिहायचं, एवढं त्याचं काम. दुधात पाणी घालणाऱ्यांनी त्याला कधी माफ केलं नाही आणि न घालणाऱ्यांनी कधी ओळख दिली नाही. त्याच्या टेबलावरच्या भिंतीला एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचं चित्र चिकटवलेलं होतं, मासिकातून कापलेलं. नवीन माणूस विचारायचा, "संघाचे संस्थापक का?" मच्छिंद्र सांगायचा, "हे पाश्चर. दूध तापवून गार करायचं, म्हणजे ते टिकतं, हे ह्या माणसामुळं कळलं. आपण सगळे यांचंच खातो." ऐकणारा मान हलवून निघून जायचा.

मागच्या वर्षी संचालक मंडळानं युरोपचा अभ्यास दौरा ठरवला. नऊ दिवस, चार देश. अभ्यास दौरा म्हणायचा तर कागदावर एक तरी अभ्यास करणारा माणूस लागतो. चेअरमन रंभाजीरावांनी मच्छिंद्रला केबिनमध्ये बोलावलं.

"मच्छिंद्र, तुझं वाचन लई हाय. सगळा दौरा तूच आख. आमाला ते मोबाईलमधलं काई कळत न्हाई. आन् तांत्रिक मानूस म्हनून तू बी चल आमच्यासंगं."

मच्छिंद्रला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. बाहेर येऊन तो नळाखाली तोंड धुऊन आला आणि दुपारपासून कामाला लागला.

त्यानं तो दौरा ज्या मायेनं आखला, त्या मायेनं लोक पोरीचं लग्न करत नाहीत. दोनशे पानी वही केली. पहिलं पान आम्सटरडॅमचं. शुक्रवारी सकाळी जवळच्या अल्कमार गावात चीजचा बाजार भरतो, म्हणून विमान गुरुवारीच उतरलं पाहिजे. तिथून रेल्वेनं ब्रुसेल्स, मग पॅरिस, मग झुरिच. पॅरिसचं मोठं म्युझियम मंगळवारी बंद, म्हणून मंगळवारी ते नको. झुरिचला रविवार येऊ द्यायचा नाही, कारण दुकानं बंद असतात आणि दुकानं बंद दिसली तर संचालक त्याचा जीव खातील. कुणाला शुगर, कुणाचे गुडघे, कोण कांदा-लसूण खात नाही, सगळं दुसऱ्या बाजूला लिहिलेलं. स्टेशनातून कुठल्या दारानं बाहेर पडायचं, संडास कुठल्या मजल्यावर, हेसुद्धा. नकाशे मोबाईलवर बघून बघून त्याला ते रस्ते संगमनेरच्या बाजारपेठेइतके पाठ झाले.

सगळ्या वहीत त्यानं स्वतःसाठी एकच गोष्ट ठेवली होती. पॅरिसला बुधवारची सकाळ मोकळी. त्या दोन तासांत तो एकटा मेट्रोनं जाणार होता आणि पाश्चर जिथं शेवटची वर्षं राहिला आणि जिथं त्याला पुरलं, त्या संस्थेच्या फाटकासमोर उभा राहणार होता. आत सोडतात की नाही, ते त्याला नक्की माहीत नव्हतं. नाही सोडलं तरी चालणार होतं.

पुण्याला व्हिसा केंद्रात त्याचे ठसे उठेनात. इतकी वर्षं फॅट काढण्यासाठी ॲसिड हाताळून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं चार वेळा ओल्या कापडानं बोटं पुसायला लावली. पाचव्या वेळी मशीननं ते मानले, तेव्हा मच्छिंद्र इतका हसला, की मागं उभे असलेले संचालक चिडले.

अर्ज सगळ्यांचे त्यानंच भरले होते. जागा दहा: नऊ संचालक आणि तो. पण चेअरमन म्हणाले होते, "एक जादा अर्ज भरून ठीव. ऐन वक्ताला कोन आजारी पडलं तर?" मच्छिंद्रला ते फार शहाणपणाचं वाटलं. जादा नाव होतं छगनशेठ यांचं. ते चेअरमनचे व्याही, मंगल कार्यालयाचे मालक. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं असं त्यानं विचारलं, तर चेअरमन म्हणाले, "तांत्रिक सल्लागार लिव्ह." मच्छिंद्रनं लिहिलं. मंगल कार्यालयाचा माणूस दुधात काय सल्ला देणार, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण मोठ्या माणसांच्या अर्जात काहीही असू शकतं, म्हणून त्यानं तो गिळला. दुधातलं पाणी ओळखणारा माणूस, पण इथं त्याची नजर चुकली.

बोरखळी हे त्याचं गाव, संघापासून तासाभराच्या अंतरावर. आपल्याकडे माणूस काही करून आल्यावर सत्कार होतो तो वेगळा. जायच्या आधीचा आणखी वेगळा. मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला, टोपी-टॉवेल-नारळ झालं, सरपंचांनी भाषण केलं, "गावचा पहिला मानूस साता समुद्रापलीकडं चाललाय." फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर मच्छिंद्रचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून टाकला होता आणि मागं विमान. बायको लंकाबाई त्या दिवशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत नवऱ्यामुळं तिला पहिली रांग मिळाली ती तेव्हाच.

निघायला चार दिवस होते. चेअरमननी बोलावलं.

"मच्छिंद्र, ह्या खेपेला तू थांब."

"साहेब, माझा व्हिसा आलाय."

"आला ना? मग झालं तर. कागदावर तू हायेसच की." चेअरमन खिडकीतून बाहेर बघत होते. "छगनशेठ यायचं म्हनत्यात. व्याही हायेत, पोरगी त्यांच्या घरात दिलीय. त्यांना न्हाई कसं म्हनू? आन् तू गेल्यावर लॅब कोन बघनार?"

"मग दौरा…"

"दौरा तुझाच हाय. वही दे इकडं. आन् फोन चालू ठीव. ह्यातलं बाहेर काई बोलायचं न्हाई, समद्यांना सांगितलंय मी."

मच्छिंद्रनं वही दिली. हे त्याला पुढं कधी विसरता आलं नाही. भांडला नाही, ओरडला नाही, वही टेबलावर फेकलीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी दिली.

घरी लंकाबाईनं आधी चेअरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग ती चुलीपुढं बसली. मच्छिंद्र म्हणाला, "फ्लेक्स काढायला सांगतो सरपंचाला."

"काढायचा न्हाई."

"मग?"

"माझ्या भावजया परवा हार घेऊन आल्या हुत्या. मी त्यांना काय सांगू? साहेबाच्या व्याह्यानं उठवलं म्हनून? तुमी खर्ड्याला जावा, साळूबाईकडं. नऊ दिस तिकडंच ऱ्हावा."

"अगं, हे खोटं हाय."

"त्यांनी केलं ते खरं व्हतं का?" लंकाबाईला रडू फुटलं. "तुमाला कायबी वाटत न्हाई. मला गावात ऱ्हायचंय."

बुधवारी सकाळी गाव त्याला फाट्यावर पोचवायला आलं. लंकाबाईनं कुंकू लावलं. कपाळभर कुंकू, हातात चाकांची नवी बॅग, अशा थाटात मच्छिंद्र एसटीत चढला. नगरला उतरून त्यानं जामखेडमार्गे खर्ड्याची गाडी धरली.

साळूबाई त्याची थोरली बहीण. तिनं दारातच विचारलं, "माज्याकडं यायला तुला इमानाची बॅग कशाला लागती रं?" त्यानं सगळं सांगितलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "तू लहानपनापून असाच. कुनी ताटातलं उचललं तरी तू ताट पुढं करायचा." त्या नऊ दिवसांत त्याच्याशी खरं बोललेलं माणूस तेवढं एकच.

घरात भाचेसुना, पोरं. म्हणून तो रोज खर्ड्याच्या जुन्या किल्ल्यात जाऊन बसायचा. मे महिन्याचं ऊन, तटाच्या सावलीत जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. तिथं बसून तो घड्याळातून साडेतीन तास वजा करायचा. आता हे लोक बाजारात पोचले असतील. आता गाडी सुटली असेल. आणि मग फोन यायचा.

"मच्छिंद्र, अरे, आमी ब्रुसेल्सला उतरलो. इथं तू लिव्हलेला चौक कुठं हाय?"

"साहेब, तुम्ही दक्षिण स्टेशनावर आहात. तिथून लोकल धरून मधल्या स्टेशनावर जायचं. समोर जिना दिसतोय का? खाली उतरू नका, वर जा."

"व्हय, दिसला जिना."

शेजारी शेळ्या वळणारी एक बाई हा माणूस कुणाला रस्ता सांगतोय म्हणून बघत राहायची. अख्खा दौरा मच्छिंद्रनं असा खर्ड्याच्या किल्ल्यातून चालवला. शाकाहारी जेवण कुठं, शुगरची गोळी फ्रेंचमध्ये कशी मागायची, हरवलेले संचालक कुठल्या कोपऱ्यावर उभे राहावेत, सगळं त्यानं सांगितलं. फोन ठेवताना एकानंही विचारलं नाही, तू कुठं आहेस.

पॅरिसच्या बुधवारी तो स्वतःहून फोन करून बसला. "साहेब, आज तुमची सकाळ मोकळी आहे. मेट्रोनं वीस मिनिटं. पाश्चरच्या फाटकाचा एक फोटो काढून पाठवला असता तर…"

"कुनाच्या?"

"पाश्चर. लॅबमध्ये चित्र आहे बघा, दाढीवाले."

"अरे, आमी अत्तराच्या दुकानात हाय. हे छगनशेठ हालंनात हितून." मागून कुणाचंतरी हसू ऐकू आलं आणि फोन बंद झाला. मच्छिंद्र उन्हातच बसून राहिला. त्याला राग आला, खरा राग. आणि राग कुणावर काढायचा याचा विचार करताना पहिलं नाव त्याला स्वतःचं सुचलं.

दौरा परतल्यावर संघाकडून त्याला चॉकलेटचा एक डबा मिळाला. लंकाबाईनं तो घरोघर वाटला. "ह्यांनी आनलं," असं ती सांगायची आणि मच्छिंद्र ओट्यावर बसून ऐकायचा. पहिल्या दिवशी हे सांगताना ती त्याच्याकडं बघायची नाही. आठवड्यानं बघून सांगायला लागली.

जूनमध्ये शाळा उघडली आणि हेडमास्तरीण आरती मॅडम घरी आल्या. मुलांपुढं परदेशाचे अनुभव सांगायचे. मच्छिंद्रनं तब्येतीचं कारण काढलं, पण लंकाबाईनं आतूनच होकार देऊन टाकला.

शाळेच्या पडवीत मुलं, पुढं खुर्च्यांवर गाव. मच्छिंद्र उभा राहिला. तो बोलायला लागला आणि दौऱ्यावर गेलेले नऊच्या नऊ संचालक मिळून बोलले नसते असं बोलला. कालवे, चीजच्या पिवळ्या चकत्या वाहणारी माणसं, मिनिटाला धरून सुटणाऱ्या गाड्या. एका मुलीनं विचारलं, "काका, तुमाला सगळ्यात काय आवडलं?"

 चॉकलेट म्हणता आलं असतं, रेल्वे म्हणता आलं असतं. पण तोंडातून गेलं, "एक फाटक." आणि मग तो थांबेना. सकाळ कशी होती, रस्त्याला झाडं कशी होती, आपण टोपी काढून कसे उभे राहिलो, आणि आत झोपलेल्या माणसाला मनातल्या मनात काय म्हणालो. सरपंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्रला स्वतःची किळस आली. संचालकांनी विमानातली जागा घेतली होती, ते फाटक त्यांना नकोच होतं. ते त्यानं आज आपल्या हातानं विकून खाल्लं होतं.

घरी जाताना लंकाबाई खुशीत होती. वाटेत तो म्हणाला, "लंके, मी तीन वर्षांनी रिटायर होतोय. फंड मिळेल. आपण दोघंच जाऊन येऊ. व्हिसाचं काय असतं ते मला आता सगळं माहीत हाय. सगळी शहरं नको, नुसतं पॅरिस."

लंकाबाई चालता चालता थांबली.

"आता पुन्यांदा कशाला? लोक काय म्हनतील?" ती म्हणाली. "जाऊन आलात की."

थट्टा करते आहे का, म्हणून त्यानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. थट्टा नव्हती. तिला ते खरंच तसं वाटायला लागलं होतं.

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला. "आलोय जाऊन."