काचेची न्हाणी

परवा जेवताना मुलीनं मोबाईल ताटाशेजारी ठेवला आणि अव्वाला फोटो दाखवायला लागली. दिवाळीनंतर सगळ्यांनी चार दिवस कोकणात जायचं, असा तिचा बेत. पोहायचा तलाव, खोलीला लागून झोपाळा, नाश्त्याला काय हवं ते.

"आजी, महाबळेश्वरच्या रिसॉर्टपेक्षा भारी आहे हे. ते तुला किती आवडलं होतं!"

अव्वा, म्हणजे माझी आई, फोटोकडं बघत म्हणाली, "झ्याक हाय की. तुमी जाऊन या. घराला कुणीतरी पायजे."

महाबळेश्वरहून आल्यापासून नऊ वर्षं ती हेच म्हणते. सोलापुरातल्या आमच्या घरात राखण करावी असं काही नाही, हे तिलाही माहीत आहे. ती का येत नाही, हे तिच्याशिवाय फक्त मला ठाऊक. आणि ती असं म्हणाली की मी दरवेळी भाजी वाढून घेत आलोय.

वडील होते तेव्हा आम्ही सुट्टीत कुठल्या तरी मठाच्या खोलीत उतरायचो. सतरंजी आपली, चादरी आपल्या, कडक भाकरी नि शेंगाचटणीचा डबा आपला. न्हाणीघर सगळ्यांना मिळून एकच, पत्र्याच्या दाराचं. तिथं अव्वाला कधी अवघडलेली पाहिली नाही.

महाबळेश्वरची जागा मी निवडली होती. ऑफिसातली दोन कुटुंबं बरोबर होती, दोघंही साहेब माझ्यापेक्षा वरचे. त्यांच्यात उठून दिसावं म्हणून सगळ्यात चकचकीत रिसॉर्ट शोधलं. 'आईला एकदा सुखात ठेवायचंय' असं मी सगळ्यांना सांगत होतो. स्वतःलाही.

खोल्या बघून मुलगी नाचायलाच लागली. दरीकडची भिंत काचेची, पलंगावरून सगळी दरी दिसायची. पलंगावरून न्हाणीघरही दिसायचं. मधे नुसती काच, तिच्यावर कमरेएवढा धुरकट पट्टा. आमच्या खोलीत तसंच, मुलीच्या आणि अव्वाच्या खोलीतही तसंच.

संध्याकाळी अव्वानं मला व्हरांड्यात गाठलं. "अप्पा, न्हाणीला भिंतच न्हाय की रे. बादली बी न्हाय."

ती एवढंच बोलली. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची. त्याआधी ती चहाचा घोटही घेत नाही. हे मी जन्मापासून बघतोय. खोली ठरवताना मात्र आठवलं नाही, आणि तिनं सांगितलं तेव्हाही मी आठवू दिलं नाही. उलट जेवणाच्या टेबलावर तिचं बोलणं गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले.

"काकू, दरी बघत बघत अंघोळ करायची असते इथं," एक साहेब म्हणाले.

"आन् दरीनं मला बगितलं म्हंजे?" अव्वा म्हणाली. पुन्हा हशा. तीही तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती नाश्त्याला रिकामी बशी समोर घेऊन बसली. पोट जड आहे म्हणाली. दुपारीही तेच, रात्रीही तेच. बायकोला शंका आली, तर मी म्हणालो प्रवास बाधला असेल. अव्वाला बाजूला घेऊन मात्र दबक्या आवाजात दरडावलं, "काहीतरी खा. लोक बघतायत." ती कपाळाला पदर घेऊन ऐकत होती. कपाळ कोरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांबरोबर मी रिसेप्शनसमोरच्या सोफ्यावर पेपर वाचत बसलो होतो. समोरच्या दारातून अव्वा आली. केस ओले, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, पायात चप्पल नाही, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. बागकाम करणारी विजापूरकडची एक बाई तिला भेटली होती. अव्वाचं माहेर अक्कलकोटकडचं, दोघींची बोली कानडी. त्या बाईनं तिला कामगारांच्या चाळीत नेऊन चुलीवर पाणी तापवून दिलं होतं. हे मला नंतर कळलं.

मॅनेजर लगबगीनं पुढं झाला. "मावशी, इकडून नाही. स्टाफनं मागच्या दारानं जायचं." मग आमच्या सोफ्याकडं वळून म्हणाला, "सॉरी सर. तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

साहेब चष्मा शोधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. प्रश्न मला होता. अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी पेपरचं पान उलटलं.

ती वळली आणि मागच्या दारानं गेली.

थोड्या वेळानं नाश्त्याला येऊन तिनं दोन इडल्या खाल्ल्या. परत आल्यावर शेजारणीला सांगितलं, "राजवाडा हाय बगा राजवाडा. लई ठेवलं पोरानं." मी दारातच उभा होतो. माझी लाज तिनं राखली, आणि मीही ती राखू दिली.

परवा भाजीचं पातेलं माझ्याजवळच होतं. हात गेला होता. पण मी म्हणालो, "आजीला ते रिसॉर्ट आवडलं नव्हतं." आणि सगळं सांगितलं, पेपरच्या पानासकट. बायको माझ्याकडं बघतच राहिली. मुलीनं मोबाईल पालथा घातला.

अव्वाकडं बघणं सगळ्यात अवघड होतं. "मी तुला बघितलं होतं, अव्वा."

"ठावं हाय की. कानाच्या पाळ्या लाल झालत्या तुज्या. ल्हानपनी खोटं बोललास की आसंच व्हायचं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "त्या बाईनं पाट चोळून दिली रे माजी. आई गेल्यावर कुनी चोळली नव्हती. निगताना तिला भेटायचं ऱ्हाऊन गेलं बग."

मग मुलीनं हळूच विचारलं, "आजी, भिंतीचं न्हाणीघर असेल तर येशील?"

"कडी हाय का इचार. आतनं."

काल मुलीनं चार-पाच जागांचे नंबर दिले, मी फोन केले. एका घरगुती जागेचा मालक पहिल्यांदा गोंधळला. समुद्र किती लांब, एसी आहे का, हे लोक विचारतात. मी विचारत होतो, न्हाणीघराला भिंत आहे का, आतून कडी आहे का, बादली-तांब्या मिळेल का. अव्वा शेजारी लसूण सोलत होती. सोलणं थांबलं होतं.

"आहे हो सगळं," तो म्हणाला. "कोण कोण येणार?"

"माझी आई," मी म्हणालो. मग बाकीच्यांचं सांगितलं.

अव्वानं पुढची पाकळी उचलली. "आन् सांग त्येला," ती म्हणाली, "सकाळी उटल्या उटल्या च्या घिऊन दार वाजवू नगं म्हनावं."